मॉडिफाय केलेल्या जुन्या ओम्नीचा पत्रा परत नीट करायचा तर

रत्नागिरीकडून एक १९९६ ची मारुती ओम्नी आणली. आंबा घाट चढून कोल्हापुरात येईपर्यंत इंजिननं एकदा पण कुरकुर केली नाही, ते ७९६ सीसीचं तीन सिलिंडरवालं इंजिन असतंच तसं चिवट. पण घरी येऊन मागचं रेक्झिन उचललं तर खालची फरशी दिसली. घराची फरशी, गाडीची नव्हे. गाडीच्या फ्लोअरची चाळण झालेली.

वर आधीच्या मालकानं हौसेनं तिचा कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची गाडी, केलेला. छपराला चौकोनी भोक पाडून हॅच, म्हणजे उघडणारं झाकण, बसवलेला, चारी चाकांवर फायबरचे रुंद फ्लेअर (चाकाच्या कमानीवरच्या बाहेर आलेल्या पट्ट्या), छपरावर कॅरिअर थेट बोल्ट मारून, आतनं कार्पेट चिकटवलेलं, आणि स्पीकरसाठी जिथं जागा दिसेल तिथं भोकं. हौस चांगली होती पण भोक पाडल्यावर कापलेल्या कडेला रंग लावायचा असतो हे कुणी सांगितलं नसावं. कंपनीच्या कंडिशनमधली व्हॅन जिथं पत्र्याचे जोड आहेत तिथं गंजते, मॉडिफाय केलेली व्हॅन त्या सगळ्या जागी गंजतेच आणि शिवाय जिथं जिथं ड्रिल घुसलं तिथं पण गंजते. म्हणून अशा गाडीचं काम आधीच्या माणसानं काय काय केलंय ते शोधण्यापासून सुरू होतं, हातोडा नंतर. मी हे उलटं करून बघितलंय, त्याचं पुढं सांगतो.

आधी कागद

१९८४ ला ही गाडी मारुती व्हॅन म्हणून आली, १९८८ ला तिचं ओम्नी झालं आणि २०१९ ला बंद झाली, म्हणजे सगळ्यात जुनी पण अजून पन्नाशीत पोचलेली नाही आणि व्हिंटेज नोंदणीला ५० वर्षं लागतात. तेव्हा तुमची गाडी आरटीओच्या लेखी साधी जुनी गाडीच आहे, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी रिन्यू करायची, त्यासाठी गाडी तपासायला न्यायची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे गाडीत फेरफार करण्याबद्दल, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात जाणारा बदल चालणार नाही. कापलेलं छप्पर आरसीवर नसेल तर ते ठेवायचं की बंद करायचं हा प्रश्न तिथंच जवळजवळ सुटतो. रंग बदलणार असाल तर तो पण आरसीवर चढवावा लागतो, मी म्हणूनच मूळचाच पांढरा ठेवला. आणि चॅसी नंबर जिथं कोरलाय ती जागा शोधून फोटो काढून त्यावर टेप लावून टाका. तिथं ग्रायंडर नाही, लांबी (खड्डे भरायची पुटी) नाही, जाड रंग नाही. नंबर पुसला गेला तर गाडी कितीपण चकाचक असू दे, ती भंगारच.

गाडी मोकळी करणं

बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मग जे निघतंय ते सगळं काढा. सीटी, रेक्झिन, कार्पेट, छताचं अस्तर, दाराचे पॅड, बंपर, लाइट, रबर बिडिंग, काचा. पाना लावण्याआधी प्रत्येक गोष्टीचा मोबाइलवर फोटो, आणि प्रत्येक जागचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर मार्करनं नाव. कंटाळा येतो, पण तीन महिन्यांनी सरकत्या दाराचा मधला रोलर कुठल्या स्क्रूनं बसला होता हे कुणालाच आठवत नसतंय.

पुढची काच रबरात बसलेली असते. जुनं रबर वाचवायला जाऊ नका, ब्लेडनं बाहेरची ओठ कापून काच सोडवा, रबर स्वस्त आहे आणि काच फुटली तर दिवस वाया. काचेखालची पत्र्याची पन्हळ तेव्हाच बघून घ्या, पाणी तिथं साठून साठून ती आतनं सडलेली असते आणि काच असेपर्यंत कळत नाही.

पेट्रोलची टाकी उतरवा. हे ऐच्छिक नाही. गाडीला एलपीजी किट असेल तर त्याची टाकी किटवाल्याकडनंच काढून घ्या, स्वतः नाही, आणि टाकी गाडीत असताना कुणी कितीपण म्हणू दे की जरासाच वेल्डिंगचा टाका मारायचाय, नाही म्हणायचं.

चुंबक, स्क्रूड्रायव्हर आणि खडू

फ्रिजवरचं साधं चुंबक घ्या, पातळ फडक्यात गुंडाळा आणि सगळ्या बॉडीवरनं फिरवा. जिथं ओढ कमी लागते तिथं खाली लांबी आहे, जिथं अजिबात चिकटत नाही तिथं लांबीचा डोंगर नाहीतर फायबरचा तुकडा. माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकावर चुंबक सरळ खाली पडलं, खरवडलं तर जवळजवळ बोटाच्या पेराएवढी लांबी आणि तिच्यामागं तांदळाच्या पोत्याची सुतळी कोंबलेली. पत्रा नव्हताच.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा, चांगला पत्रा टण वाजतो, सडका थप वाजतो, आणि थप वाजला की टोकानं दाबून बघा. घाबरू नका, जे दाबल्यावर फुटतं ते आधीच गेलेलं असतं. खडूनं खुणा करा. मी तीन रंग वापरले, पांढरा वरवरच्या गंजाला, पिवळा खड्डे पडलेत पण पत्रा आहे त्याला, लाल आरपारला. ओम्नीत पुढची चाकं सीटच्या खालीच येतात, चिखल थेट मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर आणि पायरीवर बसतो, तेव्हा तिथं आधी बघा. मग सरकत्या दाराची खालची पट्टी, दारांच्या खालच्या कडा जिथं बाहेरचा पत्रा आतल्यावर दुमडलाय, डिकीच्या दाराची खालची कड, छपराची पन्हळ, बॅटरीची बैठक. आणि हे झालं की आधीच्या मालकाचं प्रत्येक भोक, प्रत्येक स्क्रू. फ्लेअर काढल्याशिवाय त्याच्या मागं काय आहे ते कळणार नाही, तेव्हा काढाच.

कापण्याआधी गाडी बांधून घ्या

इथं मी चुकलोय. ओम्नीला वेगळी ट्रकसारखी चॅसी नाही, बॉडी आणि फ्लोअर मिळूनच गाडी उभी असते, आणि दोन्ही बाजूला सरकती दारं म्हणजे बाजूला केवढी मोठी मोकळी जागा. त्यात दाराखालचा पट्टा कापला की गाडी मधे वाकायला बघते. मी उत्साहात डाव्या बाजूचा पट्टा पूर्ण काढला, गाडी जॅकवर वेडीवाकडी उभी होती, नवा पट्टा मस्त बसला, आणि दार लावायला गेलो तर मागनं अर्धा इंच बाहेर. सगळं परत कापलं.

तर सपाट जागेवर चार मजबूत स्टँडवर गाडी लेव्हलमधे घ्या, दारं बसवून लावून गॅप नीट आहेत का बघा, मग दाराच्या चौकटीत एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं दोन्हीकडनं घ्या आणि गाडीवरच लिहून ठेवा. मग १ इंची चौकोनी पाइप चौकटीत आडवा आणि तिरका टाके मारून बसवा. एकावेळी एकच बाजू कापा, ती पूर्ण जोडून होईपर्यंत दुसरीला हात नको. दर थोड्या वेळानं माप परत घ्या.

पत्रा कापणं आणि जोडणं

सडका भाग कापताना कंजुषी करू नका, चकचकीत धातू दिसायला लागल्यावर अजून २-३ सेंटिमीटर पुढं जा. ४ इंची ग्रायंडरला १ मिलिमीटरची कटिंग डिस्क लावा, जाड डिस्कनं पत्रा तापून मुरडतो. कापलेल्या भोकाचा कागदी नमुना आधी पुठ्ठ्यावर काढा, पुठ्ठा गाडीवर धरून बघा, दुमडून बघा, तो बसला की पत्र्यावर उतरवा. तुकड्याचे कोपरे गोल ठेवा.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्या. बाहेरच्या कातडीला २२ गेज म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर किंवा २० गेज म्हणजे ०.९, फ्लोअरला २० गेज, आणि सीटचे बोल्ट, जॅक लावायची जागा असल्या ठिकाणी १८ गेज म्हणजे १.२. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर नाकात गेला की रात्री थंडी-ताप भरतो. सीटबेल्टचे बोल्ट जिथं बसतात तो भाग सडला असेल तर मात्र स्वतः करू नका. तिथलं काम सरावलेल्या माणसाकडं द्या.

वेल्डिंग सीओटूनंच, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात वायर वितळवणाऱ्या मशीननं. जुने डेंटर गॅस वेल्डिंगनं पितळ ओतून फटाफट जोडतात आणि त्यांचा हात बघत बसावा असा असतो, पण पातळ सपाट पत्र्याला एवढी उष्णता झेपत नाही, पापडासारखा होतो. ०.८ मिलिमीटरची वायर चालते, ०.६ मिळाली तर अजून बरी. सलग ओढायचं नाही, एक टाका, मग हातभर लांब दुसरा, मग उलट्या बाजूला तिसरा, असं फिरत फिरत टाक्यांमधलं अंतर २५-३० मिलिमीटरवर आणायचं, मग परत मधले भरायचे, आणि प्रत्येक वेळी बोट लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. एका दाराखालच्या पट्टीला मला दोन रविवार लागले. उद्यमनगरातला एक डेंटर मामा बघून म्हणाला, स्वेटर विणायलाय का? विणायलोयच म्हटलं.

बाहेर दिसणाऱ्या पत्र्याला तोंडाला तोंड लावून जोडा, मधे १ मिलिमीटरची फट ठेवून. फ्लोअरला एकावर एक चढवून चालतं, फक्त दोन पत्र्यांच्या मधे आधी वेल्डिंगला चालणारा झिंक प्रायमर मारा, नाहीतर त्या फटीत पाच वर्षांनी परत तेच. बादलीभर पाणी आणि अग्निशामक शेजारी हवंच, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथनं हलू नका. कार्पेटचा जुना गोंद पत्र्यामागं धुमसत राहतो, माझा एकदा धुमसलाय.

छपराचं भोक

दोन रस्ते आहेत. बंद करायचं असेल तर सपाट नवा पत्रा आणू नका, भंगारात गेलेल्या दुसऱ्या ओम्नीच्या छपराचा तुकडा शोधा. ओम्नी एवढ्या विकल्या गेल्या की भंगारवाल्याकडं एखादी उलटी पडलेली मिळतेच, आणि कंपनीनं दाबलेलं वळण जसंच्या तसं जुळतं, हातानं ते वळण आणणं आपल्या बसची बात नाही. तुकडा भोकापेक्षा चारी बाजूनं इंचभर मोठा कापा. मूळ छपराची कड तेवढीच आत दाबून घ्या म्हणजे तुकडा वरनं बसून लेव्हलला येतो. छप्पर म्हणजे मोठा सपाट पत्रा, वेल्डिंगची उष्णता त्याला सगळ्यात वाईट लागते, म्हणून मी तिथं दोन डब्यांचं इपॉक्सी पॅनेल अॅडेझिव्ह वापरलं आणि फक्त कोपऱ्यांना टाके मारले. पण भोक पाडताना आधीच्या माणसानं छपराखालची आडवी कमान कापली असेल तर ती आधी वेल्डिंगनंच जोडायची, चिकटवण्यावर तो भार टाकायचा नाही. माझ्या गाडीत कापलेलीच होती.

कागदोपत्री हॅच मान्य असेल आणि ठेवायचाच असेल तर भोकाच्या कडेनं २०-२५ मिलिमीटर उंचीचा पत्र्याचा कठडा उभा करा, आपल्या कौलारू घराला धुराड्याभोवती करतात तसा. पाणी छपरावर साठलं तरी कठडा ओलांडून आत येत नाही. सील करायला ब्युटाइल टेप. सिलिकॉन नको, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं तर अजिबातच नको, ते सुकताना अॅसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज आणतं. वर त्याचा जराजरी अंश राहिला तर रंग तिथं धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडतात. आधीच्या मालकानं अख्खी ट्यूब ओतली होती, खरवडून काढायला एक दिवस गेला.

कॅरिअरची भोकं बुजवली. पाहिजेच असेल तर पन्हळीला चिमटा लावून बसणारं कॅरिअर मिळतं.

फ्लेअर

पत्र्यात थेट घुसवलेले स्क्रू निघतात ते मुंडी तुटूनच. प्रत्येक भोकाभोवती गंजाची चकती असते, ती कापून गोल ठिगळ लावा किंवा पत्रा ठणठणीत असेल तर भोक वेल्डिंगनं भरा, भरताना मागं तांब्याची पट्टी धरा म्हणजे टाका आरपार जात नाही. मी फ्लेअर ठेवले नाहीत, मला ते कधी आवडलेच नाहीत. ठेवायचे तर रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात बसणारे आटेवाले नट) बसवून स्टेनलेसच्या बोल्टनं लावा, भोकांच्या कडांना इपॉक्सी प्रायमर, फायबर आणि पत्र्याच्या मधे रबराची पायपिंग, आणि आतल्या बाजूनं मेण.

डेंट आणि लांबी

पत्रा जितका हातोडा आणि डॉलीनं (मागनं धरायचा लोखंडी ठोकळा) सरळ कराल तितकी लांबी कमी, बाकी काही गुपित नाही. मागनं डॉली धरून पुढनं हलके ठोके, उंच भागावर ठोके द्यायचे, खड्ड्यावर नाही. जोडाच्या टाक्यांची घासाई झाली की हाताचा तळवा फिरवून बघा, डोळ्याला न दिसणारं हाताला कळतं.

लांबी कुठं पण २-३ मिलिमीटरच्या वर नको. हार्डनर साधारण १०० ग्रॅमला २ ग्रॅम, घाई म्हणून जास्त घातला तर वरच्या रंगात पिवळट डाग फुटतात. ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं लांब ठोकळा लावून तिरकं तिरकं घासा, मग १२०, मग १८०, आणि लांबी कोरडीच घासा. आपल्याकडं सर्रास पाणी मारून घासतात, पण लांबी पाणी पिते आणि ते पाणी रंगाखाली पत्र्यापर्यंत जातं, वर्षभरात फोड. पाणी पेपर नंतर, सरफेसरवर (रंगाच्या आधी मारायचा जाड प्रायमर).

गंज मारणं, प्रायमर, सीलर

जिथं पिवळा खडू होता तिथं वायर ब्रशनं सुटा गंज काढून फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट रिमूव्हर लावा, डब्यावर लिहिलंय तसं धुऊन हीटगननं खडखडीत वाळवा. अॅसिड राहिलं तर त्यावर इपॉक्सी प्रायमर धरत नाही. वाळलं की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. आमच्याकडं पावसाळ्यात सकाळी घासलेला पत्रा संध्याकाळी तांबूस झालेला असतो, म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच काढा. नुसता रेड ऑक्साइड मारून महिनाभर गाडी अंगणात ठेवू नका, त्यातनं ओल आत जाते.

प्रायमर सुकल्यावर सगळ्या जोडांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलर, वरनं, खालनं, मडगार्डच्या आतनं. फक्त दारांच्या आणि पट्ट्यांच्या तळाला कंपनीनं ठेवलेली पाणी जायची भोकं बुजवू नका, एका गॅरेजनं माझ्या आधीच्या गाडीची सगळी भोकं प्रेमानं बुजवून दिली होती, दारात पाणी हिंदकळायचं. खालच्या अंगाला रबराचा अंडरकोट, पण गंजावर डांबर फासायचं नाही, आत गंज सुखानं वाढतो. पोकळ पट्ट्यांमधे कॅव्हिटी वॅक्स, लांब नळीनं, रंगकाम झाल्यावर.

रंग

सरफेसरवर काळ्या स्प्रेचा हलका धुरळा मारून ४०० नं घासा, जिथं काळं राहिलं तिथं खड्डा. मग ६०० किंवा ८०० पाण्यानं.

रंगाचा शेवटचा हात मी पेंटरकडनं मारून घेतला आणि तुम्ही पण तेच करा असं सांगीन. पीयू रंगाच्या हार्डनरमधे आयसोसायनेट असतं, त्याची अॅलर्जी फुप्फुसात एकदा बसली की जात नाही, आणि तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क त्याला काहीच करत नाही, बाहेरनं हवा पुरवणारा मास्क लागतो. फक्त पेंटरकडं बसून तीन गोष्टी बघा: कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर आहे का, दारं काढून आतल्या चौकटी आधी मारतोय का, आणि रंगाच्या दोन हातांच्या मधे १०-१५ मिनिटं थांबतोय का. ढगाळ दमट हवा असेल तर गाडी परत आणा.

जोडणी

काचेचं नवं रबर आधी काचेवर चढवा, त्याच्या आतल्या खाचेत नायलॉनची दोरी सगळीकडनं फिरवून दोन्ही टोकं खाली मधे आणा. साबणाचं पाणी लावा, एकानं बाहेरनं तळव्यानं दाबायचं आणि दुसऱ्यानं आतनं दोरी हळूहळू ओढायची, रबराची ओठ आपोआप पत्र्यावर चढत जाते. सरकत्या दाराचे रोलर नवे टाका, आधी मधला सेट करा, मग वरचा-खालचा.

आणि सीटी आत जाण्याआधी पाणी मारून बघा. पुतण्याला टॉर्च देऊन आत बसवला आणि मी बाहेरनं छपरावर पाइप धरून दहा मिनिटं उभा. छप्पर कोरडं, काच कोरडी, दारं कोरडी, मी मनातल्या मनात पार्टी ठरवायला लागलो तोवर आतनं आवाज आला, काका, पाय भिजला. पुढच्या पत्र्यातनं वायरिंग आत येते तिथलं रबरी बुश मी जुनंच बसवलं होतं, त्याला चीर होती. दुकान बंद व्हायच्या आत नवं आणलं.